मैना मांडवकरची पहिली कॅसेट

मैना मांडवकर ट्रंक बोर्डावर माझ्या शेजारच्या खुर्चीत आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि तिला काम शिकवायची जबाबदारी माझ्यावर होती. साल चौऱ्याऐंशी. रत्नागिरीहून मुंबईला बोलायचं तर तेव्हा आमच्या एक्स्चेंजला कॉल बुक करावा लागे. आमच्यासमोर भोकांचा उभा बोर्ड, भोकांवर बारके दिवे, हातात दोऱ्या, कानावर हेडसेट. दिवा लागला की दोरी खोचायची, नंबर घ्यायचा, कॉलच्या नोंदीचं टिकीट लिहायचं आणि मुंबईची लाईन मिळाली की दोघांना जोडून द्यायचं. तीन मिनिटं भरली की मध्ये तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचा का?"

एवढं मी तिला दोन दिवसांत शिकवलं. तिसऱ्या दिवशी ती मला शिकवायला लागली.

"मालिनीताई, एंगेजचा टोन आणि रिंगचा टोन एका सुरातले नायत. ऐकलंत तुमी?"

"सुरात कशाला असतील? ते काय भजनाला बसलेत?"

"नाय हो. पण दोन्ही एकदम कानात आले ना, की मधून तिसराच सूर निघतो." असं म्हणून तिने तो तिसरा सूर गुणगुणून दाखवला. मी चार वर्षं त्या बोर्डासमोर बसत होते. मला तोवर तिथे फक्त कटकट ऐकू आली होती.

मैना लांज्याच्या आतल्या गावची. एसटीतून उतरलं की पुढे तासभर चालायचं. घरी थोडी भातशेती. वडील भागोजी नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचे. मधली बरीच वर्षं ते मुंबईला एका कँटीनमध्ये होते, नंतर गावी परतले. रत्नागिरीत तिला राहायला जागा हवी होती आणि आमच्या झाडगावच्या घरामागे एक खोली रिकामी होती. त्यामुळे ड्यूटीवर शेजारी आणि घरीही शेजारी, असं आमचं झालं.

पंच्याऐंशीच्या शिमग्याला तिचा भाऊ रामा रजेवर आला. तो मालवाहू जहाजावर खलाशी होता. सिंगापूरहून येताना त्याने एक कॅसिओ कीबोर्ड आणला होता, मुंबईतल्या कुणा ओळखीच्याने मागवला होता म्हणून. दोन दिवस तो गावच्या घरी होता आणि दोन्ही दिवस मैनाने तो मांडीवरून खाली ठेवला नाही. जेवायला उठली तरी एका हाताने वाजवत होती म्हणे. तिसऱ्या दिवशी रामा म्हणाला, "ऱ्हाव दे बाय, तुझ्याकडंच ऱ्हाव दे. त्याला सांगेन, पाण्यात पडला."

कॅसिओ आमच्या मागच्या खोलीत आला आणि आमच्या घराचं स्वास्थ्य संपलं. त्यात एका बटणावर ड्रम, एका बटणावर बासरी, एकावर व्हायोलिन. मैनाला बासरी आणि व्हायोलिनशी काही देणंघेणं नव्हतं. ती शोधत होती ते भलतंच. जे आवाज कशाचेच नव्हते, ते तिला आवडायचे. "ही बासरी खोटी आहे, ताई. ती बासरी असल्याचं सोंग करते. पण हा आवाज बघा." मग एक जाडसर, थरथरणारा सूर. "हा कुनाची नक्कल करत नाय. हा विजेचाच आवाज."

आणि त्या आवाजांवर ती गाणी करायची. शब्द तिचे, चाल तिची. भजन नाही, लावणी नाही, सिनेमातलं तर नाहीच. सायकल शिकणाऱ्या मुलीवर एक गाणं होतं, भाट्याच्या पुलावरून भरतीचं पाणी बघण्यावर एक. हातखंब्याच्या तिठ्यावर एक होतं. तिथे मुंबईहून येणारी गाडी थांबते, अर्धी माणसं रत्नागिरीकडे वळतात, अर्धी गोव्याच्या रस्त्याने पुढे जातात. आणि एक गाणं तिने मला डबा खाताना ऐकवलं, पोळी हातात धरून, टेबलावर बोटांनी ठेका धरून:

*तीन मिनिटं झाली, आता तीन मिनिटं झाली,*
*ओठांवरची गोष्ट माझी ओठांवर राहिली.*

दिवसातून शंभर वेळा मी तेच शब्द बोलत होते. मी म्हटलं, "मैना, ह्याची कॅसेट काढायची."

"आपली?"

"मग काय शेजाऱ्यांची?"

ती हसली, पण पुढचा घास तिने घेतलाच नाही. दिवे लागायला लागले तशी ती बोर्डाकडे वळली आणि पहिल्याच कॉलला मुंबईऐवजी कोल्हापूर जोडून दिलं.

राम आळीत महिपत धनावडेचं दुकान होतं. लग्नामुंजीला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे आणि लोकांना हव्या त्या गाण्यांच्या कॅसेटी भरून द्यायच्या, हा त्याचा धंदा. जाड चष्मा, खिशात कायम पेचकस. मैनाने कॅसिओ त्याच्या काउंटरवर ठेवला आणि तीन गाणी म्हटली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती थांबली. तिसरं गाणं संपल्यावर महिपत माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, असलं काय मी आजवर कधी ऐकलं नाय. चांगलं का वायट ते पण मला कळत नाय. पण हे मीच रेकॉर्ड करनार. दुसऱ्या कुणाकडे गेलात तर बघा!"

मुंबईसारखा स्टुडिओ आमच्याकडे कुठला? महिपतकडे दोन डेक आणि एक छोटा मिक्सर होता. त्याने युक्ती सांगितली. आधी नुसता ठेका आणि खालचे सूर पहिल्या डेकवर घ्यायचे. मग ती टेप वाजवायची, मैनाने तिच्यावर दुसरं वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या डेकवर उतरवायचं. मग पुन्हा उलट. "पण तीनच फेऱ्या," तो म्हणाला. "दर फेरीला खरखर वाढते. चौथ्या फेरीला गाणं कमी नि पाऊस जास्त."

आता जागा. महिपतच्या दुकानापुढून रिक्षा जात, आमच्या खोलीमागे कोंबडे. शेवटी आमच्या ह्यांनीच तोडगा काढला. शहराजवळच्या नाचणे गावात आमची आंब्याची बाग आहे, तिथे आंबा पॅक करायची खोली. जानेवारीत तिथे पेट्या रचून ठेवलेल्या असतात आणि पेट्यांत घालायला भाताचा पेंढा छपरापर्यंत भरलेला असतो. हे म्हणाले, "फेब्रुवारीअखेर आंबा सुरू होईल. तोवर खोली तुमची. मग मात्र गाणं असो की गंधर्व, बाहेर."

त्या खोलीत मैनाने पहिल्यांदा टाळी वाजवली आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. टाळीचा आवाज पेंढ्याने गिळून टाकला होता. नुसती 'टप्'. कुठे घुमणं नाही. महिपत नाचायचाच बाकी राहिला. "मुंबईवाले ह्याच्यासाठी भिंतींना गाद्या लावतात, वहिनी! आपल्याकडे पेंढा!"

सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत आमचं काम सुरू झालं. सकाळची ड्यूटी दोनला सुटे. आम्ही दोघी तशाच नाचण्याला जायचो. मी वाटेत महिपतला हाक मारायची, तो जीपमधून सामान आणायचा. मैना पेट्यांवर फळी टाकून तिच्यावर कॅसिओ ठेवी. माझी कामं दोन: खुणेसरशी बटण दाबणं आणि शिंक न देणं. पेंढ्याच्या धुळीत दुसरं काम फार अवघड होतं. सायकलच्या गाण्यात मधेच एक बारीक 'फिस्' ऐकू येतं, ती मी.

तिसऱ्या गाण्याला घोटाळा झाला. आदल्या दिवशी घेतलेला ठेका दुसऱ्या दिवशी लावला तर वरच्या सुरात, भरभर पळत सुटलेला. कॅसिओ एका सुरात, टेप दुसऱ्या. महिपतने डेक उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. त्याला काही सापडेना. मैना पेट्यांवर बसून विचार करत होती. एकदम म्हणाली, "काल आपण किती वाजता घेतलं?"

"चार-साडेचार," मी म्हटलं.

"तेव्हा सगळ्या बागांचे पंप चालू असतात. बल्ब पिवळा झालेला मला आठवतो. व्होल्टेज उतरलं, मोटार हळू फिरली, गाणं हळू भरलं. आता व्होल्टेज पुरं आहे, म्हणून ते धावतंय!"

महिपतने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, तू टेलिफोनात काय करतेस? माझ्या दुकानात ये." मग त्याने जीपची बॅटरी काढून आणली आणि वरातीतले स्पीकर जसे बॅटरीवर चालवतात तशी दोन्ही डेकांच्या मोटारींना जोडणी केली. त्या दिवसापासून पंप चालू असोत नाहीतर बंद, आमचा सूर हलला नाही. फक्त घरी जाताना जीप ढकलावी लागायची.

एका दुपारी भागोजीकाका आले. गावाहून तांदूळ घेऊन आले होते, लेक घरी नाही म्हणून शोधत बागेत पोचले. टोपी काढून पेंढ्यावर बसले. मैनाने तिठ्याचं गाणं लावलं. मृदंगावर आयुष्य काढलेला माणूस, त्या यंत्राच्या ठेक्याकडे कान लावून बसला होता. गाणं संपलं.

"ह्याला दम नाय लागत?" त्यांनी विचारलं.

"नाय बाबा. बटन दाबलं की चालूच."

"मग तू श्वास कदी घेतेस?"

मैनाचं बोट बटणावरच राहिलं. बाप तांदळाचं गाठोडं माझ्या हवाली करून निघून गेला आणि ती तशीच उभी. मग म्हणाली, "महिपतदादा, 'तीन मिनिटं' पुन्हा घ्यायचं." त्या गाण्याच्या तीनही फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. महिपत कळवळला. पण तिने पहिल्यापासून घेतलं, आणि ह्या वेळी 'तीन मिनिटं झाली' म्हटल्यावर तिने ठेक्याचं बटण बंद केलं. सगळं थांबलं. एक पूर्ण श्वास. मग दुसरी ओळ, आणि तिच्याबरोबर ठेका धाडकन परत. हेडफोनमध्ये ती शांतता ऐकताना मी जागच्या जागी उडालेच. महिपतने अंगठा वर केला, त्याचे डोळे पाणावले होते. पेंढ्याच्या धुळीने, असं तो म्हणाला.

आता परवानगी. आम्ही सरकारी नोकर, बाहेरचं काही करायचं तर कळवलं पाहिजे. आमचे सुपरवायझर चिंतामणी जोगळेकर नियमांचे पक्के. मैनाने अर्ज आणि आठही गाण्यांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. मी दाराशी. साहेबांनी एकेक कागद वाचला, आणि 'तीन मिनिटं'शी थांबले.

"मांडवकर, ऑपरेटरच्या कानावर आलेलं बाहेर जाता कामा नये. हे संभाषण कुणाचं?"

"माझं, साहेब."

"म्हणजे?"

"मी आठ वर्षांची होते. बाबा मुंबईला. त्यांनी पत्र टाकलं की अमक्या दिवशी लांज्याच्या पोस्टात या, फोन करतो. आई मला घेऊन चालत गेली. काय काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं. आईने आधी मलाच बोलायला दिलं. बाबा 'मैने, मैने' म्हणत होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मग एका बाईंचा आवाज आला, 'तीन मिनिटं झाली.' आईचं बोलायचं पण राहिलं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. अर्जावर शिफारस लिहून सही केली. मग कागद परत देताना हळूच म्हणाले, "चाल कशी आहे?"

मैनाने तिथेच उभ्याने म्हणून दाखवली. बाहेर बोर्डावर सगळे दिवे लागले होते आणि कुणी उचलत नव्हतं.

गाणी झाली, वरून परवानगीही आली. कॅसेटचं नाव ठेवलं 'लाईनवर राहा'. वेष्टण छापायला लग्नपत्रिकांच्या छापखान्यात गेलो तर त्याच्याकडे जाड कागद एकच, पिवळा, कडेला लाल नक्षीचा. तोच घेतला. वर लाल अक्षरांत 'मैना मांडवकर'. परिणाम असा की पहिल्या आठवड्यात जिला जिला कॅसेट दाखवली तिने तिने विचारलं, "नवरा काय करतो?" मैना म्हणायची, "गातो."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात महिपतच्या दुकानात नकला काढायला बसलो. कॅसेट जेवढी लांब, तेवढाच वेळ एका नकलेला. ती आठ गाणी मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकली की स्वयंपाक करताना कुकरच्या शिट्टीनंतर मी आपोआप श्वास घेऊन थांबायला लागले.

कॅसेट खपवायची कशी, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. महिपत म्हणाला, गाणं हातखंब्याचं आहे ना, मग हातखंब्यालाच नेऊ. तिथे केरूशेटचं चहाचं हॉटेल. मुंबई-गोवा गाड्या तिथे थांबायच्या. केरूशेटने तिठ्याचं गाणं ऐकलं, त्यात 'भजी तळतो केरू' अशी ओळ नाही म्हणून थोडा नाराज झाला, पण स्पीकरवर कॅसेट लावली.

रविवार होता. मी, मैना आणि भागोजीकाका कोपऱ्यातल्या बाकावर. काका लांज्याहून मुद्दाम आले होते. गोव्याहून मुंबईला निघालेली एक गाडी थांबली, माणसं उतरली, हात धुतले, चहा मागितला. नेहमीचा गलका. तिठ्याचं गाणं संपलं, कुणी मान वर केली नाही. मैनाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग 'तीन मिनिटं' लागलं. पहिली ओळ झाली, आणि ठेका थांबला.

अख्खं हॉटेल थांबलं. चहाचा कप तोंडाशी नेलेला एक माणूस तसाच. मग दुसरी ओळ आली.

"शेट, हे कोण गातंय?" त्या माणसाने विचारलं. "पुन्हा लावा की!"

केरूशेटने पुन्हा लावलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि माणसं काउंटरला चिकटून कॅसेट मागत होती. केरूशेटने आमच्या बाकाकडे बोट दाखवलं. एक बाई मैनाजवळ आली, तिच्या गालावर हात ठेवला आणि गाडीकडे धावली.

भागोजीकाका बशीतला चहा निववत होते. म्हणाले, "मैने, त्या दिवशी पोस्टात तुला काय सांगायचं व्हतं?"

"गाय व्यायली म्हणून सांगायचं होतं, बाबा. नि माझा दात पडला तो."

"कंचा दात?"

मैनाने तोंड उघडून त्या जागी आलेला दाखवला. काका खो खो हसले, मग बराच वेळ उपरण्याने तोंड पुसत राहिले. पुढचा अर्धा तास बापलेकीने त्या गायीखेरीज कसल्याही गोष्टी केल्या नाहीत.

कॅसेटी त्या गाड्यांतून मुंबईला गेल्या. कुठे, किती, आम्हाला पत्ता नव्हता. एप्रिलमध्ये एके दिवशी मैना बोर्डावर होती. परळहून कुणाचा तरी घरी फोन लागला होता. तीन मिनिटं भरली. मैनाने लाईनवर जाऊन म्हटलं, "तीन मिनिटं झाली."

पलीकडे शांतता. एक श्वास. आणि मग त्या माणसाने मुंबईहून खड्या आवाजात गायलं, "ओठांवरची गोष्ट माझी ओठांवर राहिली!" इकडून त्याची बायको हसायला लागली. तिकडून तो म्हणाला, "बाई, तुम्हीच ना त्या? आवाजावरून वळखलं मी! आमच्या चाळीत वाजते तुमची कॅसेट!"

मैनाने हेडसेट काढला आणि खुर्चीवरून उठून उभी राहिली. मी घाबरले. "अगो, काय झालं?"

"ताई, परळला वाजते! परळला!" ती दोरी हातात घेऊनच उड्या मारत होती. जोगळेकरसाहेब केबिनमधून बाहेर आले, सगळा प्रकार ऐकला, म्हणाले, "मांडवकर, खाली बसा. आणि त्या माणसाचा कॉल वाढवायचा होता का, ते विचारलंत का?"

मे महिन्यात मंडणगडहून बोलावणं आलं; कॅसेट तिथवर पोचली होती. तिथल्या एका तरुण मंडळाचा वार्षिक कार्यक्रम. मैना अजून स्टेजवर कधी गायली नव्हती. महिपतची जीप, मागे स्पीकर, पुढे आम्ही दोघी, कॅसिओ मैनाच्या मांडीवर. सगळा वळणावळणाचा रस्ता आणि ती प्रत्येक वळणाला विचारत होती, "लोक म्हणाले, वाजवनारे कुठायत, तर काय सांगू?"

लोकांनी तेच विचारलं. संध्याकाळी शाळेच्या मैदानात निळ्या पडद्यापुढे ती एकटी आली, टेबलावर कॅसिओ, बाकी रिकामं. पुढून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "बाकीचे कधी येनार?"

"आलेत सगळे," मैना माइकमध्ये म्हणाली आणि बटण दाबलं.

पहिल्या गाण्याला लोक बघत राहिले. दुसऱ्याला मुलींच्या रांगेत माना हलायला लागल्या. 'तीन मिनिटं झाली' म्हणून ठेका थांबला तेव्हा पूर्ण मैदानाने श्वास घेतला आणि दुसरी ओळ मैनाला गाताच आली नाही, ती सगळ्यांनी गायली. तिने दोन्ही हात वर उचलले होते, चेहरा असा की मी पुन्हा कधी तसा पाहिला नाही. महिपत मिक्सरमागे उभा राहून मला ओरडून काहीतरी सांगत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

आठ गाणी संपली. लोक उठेनात. तिने आठही पुन्हा म्हटली. तरी उठेनात. "अजून! अजून!" मैनाने माझ्याकडे पाहिलं, मी हात पसरले, आता काय उरलं? ती कॅसिओवर वाकली, दोन-तीन बटणं चाचपली आणि एक सूर लावला, खोल आणि चमकता. मग शब्द आले. मी तिच्या शेजारी बसत होते, तिच्या भिंतीपलीकडे राहत होते, पण हे गाणं मी त्या क्षणापर्यंत कधी ऐकलं नव्हतं.